घर गहाण ठेवणारे प्राचार्य आणि आपल्या मुलींचं धावणं

 

पहाटे लवकर उठणाऱ्या बायांना एक गोष्ट रोज दिसते. उजाडायच्या आधी रस्त्याच्या कडेने मुलं-मुली पळत असतात. कोणी अनवाणी, कोणी चपलेवर, कोणी भावाचे जुने बूट घालून. कोणाला पोलीस भरती द्यायची असते, कोणाला शाळेच्या स्पर्धेत उतरायचं असतं. या पळणाऱ्या मुलींच्या मागे कोण उभं असतं, आणि कोणी उभं राहायला पाहिजे, हा आमचा आजचा विषय आहे.

हा विषय निघाला आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत. एका बाईने तीन हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरगी आठशे मीटर पळते. तालुक्यात पहिली आली. आता जिल्ह्याला गडचिरोलीला जायचंय. बूट पाहिजेत, जाण्यायेण्याचा खर्च आहे." बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाली, शेळी घ्यायला कर्ज देऊ, बियाण्याला देऊ, आजारपणाला देऊ, पण पळायला कर्ज कशाला? शेळी तरी पिलं देते. दुसरी म्हणाली, मुलगी नववीत आहे, आता पळणं पुरे की. आई गप्प बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. "पुढच्या बैठकीत बघू" असं ठरलं. पण मधल्या दिवसांत आमच्यातल्या एकीने एका प्राचार्यांची खरी गोष्ट शोधून आणली. ती गोष्ट कर्जाचीच आहे, म्हणून बचत गटाच्या बायांना ती लवकर कळेल.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहानखुरे होते. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्यांच्या शरीराकडे पाहून नकार दिला, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना खेळू दिलं, आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्यापेक्षा दांडगे पैलवान चीत केले.

इथे जरा थांबून विचार करू. प्राचार्यांनी एक पैसाही दिला नव्हता. त्यांनी फक्त "याला खेळू द्या" एवढं म्हटलं होतं. पण हे म्हणायचा अधिकार त्यांच्या खुर्चीत होता. आपल्या मुलींच्या बाबतीतही पुष्कळदा पैशाआधी हे एक वाक्य लागतं.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांची मदत झाली. खाशाबा लाल मातीत वाढलेले, आणि तिथे कुस्ती गादीवर. पाय कसा टाकायचा, पकड कशी धरायची, सगळं वेगळं. तरीही ते सहावे आले. घरी येऊन पुन्हा चार वर्षं मेहनत केली.

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंड देशात हेलसिंकीला होतं. या वेळी पैसा जमेना. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी गोळा केली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

बायांनो, घर गहाण ठेवणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. मंगळसूत्र गहाण पडलं तर रात्री झोप लागत नाही. इथे तर राहतं घर, आणि ते ठेवलं कोणासाठी? पोटच्या पोरासाठी नाही, शेतकऱ्याच्या घरातल्या एका विद्यार्थ्यासाठी. तो हरून आला असता तर? बँकेने हप्ता माफ केला नसता.

खाशाबा हेलसिंकीला गेले. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. पुढे एका कुस्तीनंतर विश्रांती न मिळता त्यांना लगेच दुसरी खेळावी लागली. मधे अर्धा तास मिळायला हवा होता, पण तो मागायला त्यांच्या बाजूचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. तरीही त्यांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताला एकट्याच्या खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. त्यानंतर असं दुसरं पदक यायला १९९६ साल उजाडलं. ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवलं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

खाशाबा परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण आमच्या गटाला मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट जास्त आवडली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यात लढले आणि आलेल्या पैशातून सगळ्यात आधी खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं. घर सुटलं. याला म्हणायचं परतफेड. आपल्या गटातसुद्धा सगळी उठाठेव याच एका गोष्टीवर उभी आहे: देणाऱ्याने विश्वास ठेवायचा आणि घेणाऱ्याने तो राखायचा.

खाशाबा पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात गेले. हयातीत फार मानसन्मान मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तुमच्या गावच्या शाळेत तो दिवस होतो का, हे एकदा विचारून बघा. होत असेल तर खाशाबांबरोबर खर्डेकर सरांचंही नाव घ्यायला सांगा.

आता आपल्या गावाकडे येऊ. मुख्याध्यापक म्हणजे कार्यालयात बसून सह्या करणारा माणूस, असं आपल्याला वाटतं. पण मुलीच्या खेळासाठी त्यांच्या हातात काय काय असतं, ते आम्ही एकेक करून समजून घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे नाव नोंदवणं. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. तिथून जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. आपला विभाग नागपूरचा. वयाचे तीन गट असतात: चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि एकोणीस वर्षांखालील. मुलगी कितीही जोरात पळत असली तरी शाळेने नाव पाठवल्याशिवाय ती मैदानात उतरू शकत नाही. अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते. जन्मतारखेचा पुरावा, आधार कार्ड, शाळेचा दाखला हे कागद आधीच नीट करून ठेवा. कागदावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख वेगळी निघाली की ऐनवेळी मुलगी बाहेर बसते. हे काम जूनमध्ये करायचं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही.

दुसरी गोष्ट मैदान आणि साहित्य. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून दरवर्षी क्रीडा साहित्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिकला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० रुपये आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. आपल्या शाळेला यंदा किती आले, त्यातून काय घेतलं, हे विचारण्यात भांडण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. म्हणजे त्या खुर्च्या आपल्याच आहेत. समितीच्या बैठकीत गप्प बसून सही करून येऊ नका. एक प्रश्न तरी विचारा: मुलींच्या खेळाचं काय?

तिसरी गोष्ट सोबत. हेलसिंकीला खाशाबांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, ते आठवा. आपली मुलगी गडचिरोलीला जाते तेव्हा तिच्याबरोबर कोण आहे? सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. आलापल्लीवरून एसटीत बसून जायचं म्हणजे दिवस जातो. रात्रीचा मुक्काम येतो. शिवाय शालेय स्पर्धा सुरू होतात त्या ऐन पावसाळ्यात, आपल्याकडे नाले भरून रस्ते बंद पडण्याच्या दिवसांत. मुलींबरोबर बाई शिक्षिका किंवा एखादी पालक बाई जाईल, मुक्कामाची जागा आधी ठरेल आणि आदल्या दिवशीच निघायचं, हे मुख्याध्यापक ठरवू शकतात. शाळेत बाई शिक्षिका नसेल तर गटातली एक बाई सोबत जायला तयार आहे असं आपण जाऊन सांगावं. आई मुलीला पाठवत नाही ती पुष्कळदा पैशासाठी नाही, सोबत नसते म्हणून.

चौथी गोष्ट कागदाची किंमत. स्पर्धेचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून विसरायचं नसतं. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून परीक्षा मंडळाकडे जातो. मुख्याध्यापकांनी तो वेळेत पाठवला नाही तर गुण हुकतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीचं यश लागतं हे ठरलेलं आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. आणि ज्या मुलीला यातलं काही मिळालं नाही, तिलाही पळणं उपयोगी पडतं. पोलीस शिपाई भरतीत मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक अशी मैदानी चाचणी असते, एकूण पन्नास गुणांची. नववीत पळणं बंद केलेली मुलगी अठराव्या वर्षी अचानक आठशे मीटर कशी पळणार?

पाचवी गोष्ट टिकून राहणं. ही सगळ्यात अवघड. आपल्याकडे नेमणूक झाली की पुष्कळ जण बदलीचा अर्ज आधी लिहितात. दोष देत नाही, लांबचा मुलूख आहे, त्यांचंही घरदार असतं. पण खेळाडू एका वर्षात घडत नाही. मुलगी पाचवीत शाळेत येते आणि दहावीत बाहेर पडते, सहा वर्षं. तिचा वेग दरवर्षी किती वाढला, ती कधी आजारी पडली, घरी तेलुगू बोलते म्हणून मराठीत बोलायला लाजते का, हे तिथेच राहिलेल्या माणसाला कळतं. आपल्या शेजारी भामरागड तालुक्यात हेमलकसाला लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ साली सुरू झाली. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सोबती तिथे राहिले, म्हणून ती शाळा उभी राहिली. जो मुख्याध्यापक, जी बाई आपल्या गावात दहा-पंधरा वर्षं टिकते, तिची किंमत गावाने ओळखावी. खोली भाड्याने मिळवून देणं, सणाला घरी बोलावणं, मुलांच्या कामात साथ देणं, एवढं तर आपण करू शकतो. माणूस पगारासाठी येतो, पण आपलेपणासाठी टिकतो.

आश्रमशाळेची मुलं कुठवर जातात, हे चंद्रपूर जिल्ह्याने दाखवलं आहे. मे २०१८ मध्ये तिथल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्ट शिखरावर पोहोचली. 'मिशन शौर्य' असं त्या मोहिमेचं नाव. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावरून निघाली आणि २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई कर्णम मल्लेश्वरी, तीही आपल्या तेलुगू मुलखातली, श्रीकाकुलमकडची. २००० साली तिने वजन उचलून पदक आणलं. आपण रोज डोक्यावर लाकडाचा भारा आणतो, वजन आपल्याला नवं नाही.

आता शरीराचं थोडं. पळणाऱ्या मुलीला पोटभर आणि चांगलं खायला पाहिजे. भाताबरोबर डाळ, अंडं, नदीची मासळी, आंबाडीची भाजी, भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, हे आपल्या घरचंच आहे. घरात अंडं एकच असेल तर ते फक्त मुलाच्या ताटात जातं का, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावं. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात ती जेवणानंतर घ्यावी, लगेच वर चहा पिऊ नये. पाळीच्या दिवसांत पळू नये असा काही नियम नाही. त्रास होत नसेल तर पळावं, दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. ठरवायचं मुलीने.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. आपल्या भागात सिकलसेल आहे. मुलगी पळायला लागण्याआधी तिची रक्ततपासणी करून घ्या. सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचं पळणं नको. फक्त वाहक असेल तरी पाणी भरपूर प्यायचं, उन्हात दमेपर्यंत पळायचं नाही, हातपाय दुखले किंवा धाप लागली की थांबायचं. हे खेळ घेणाऱ्या सरांना आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता आमच्या बैठकीचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या महिन्यात आम्ही खर्डेकर सरांची गोष्ट वाचली. शेळीचा हिशेब मांडणारी बाईच आधी बोलली. म्हणाली, "त्या सरांनी घर ठेवलं. आपल्याला तर तीन हजारच द्यायचेत." कर्ज मंजूर झालं. ती स्वतः जामीन राहिली. शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही पाच जणी जाऊन भेटलो. त्यांनी बाई शिक्षिकेला सोबत पाठवायचं कबूल केलं आणि गटातली एक बाईही गेली.

मुलगी जिल्ह्याला पाचवी आली. पदक नाही मिळालं. परत आली तेव्हा तोंड लपवून बसली होती. तिला वाटलं, गटाचे पैसे बुडवले. आम्ही तिला म्हटलं, खाशाबा पहिल्यांदा लंडनला सहावे आले होते, तू तर एक नंबर पुढे आहेस. हसली मग. तिथलं मैदान सपाट होतं, आखलेल्या पट्ट्या होत्या, बाकीच्या मुली वळणावर कशा वेग धरतात ते तिने पाहिलं. आता रोज पहाटे ती वळणाचाच सराव करते. बूट अजून नवे आहेत. तिची आई महिन्याला तीनशे रुपये भरते, एकही हप्ता चुकलेला नाही.

आमच्या गटाने त्या दिवसापासून वहीत एक नवं पान काढलं आहे. शिक्षण, शेती, आजारपण यांच्या खाली "मुलींचा खेळ" असं लिहिलं आहे. रक्कम लहान आहे. तुमच्या गटातही हे पान काढता येईल. महिन्याला प्रत्येकीने पाच रुपये जास्त टाकले तरी वर्षाच्या शेवटी दोन मुलींचे बूट होतात.

तुमच्या गावात एखादे मुख्याध्यापक, एखादी बाई अशी असेल, जिने वर्षानुवर्षं मुलांना मैदानात उतरवलं, तर त्यांना एकदा बैठकीला बोलवा. चहा पाजा, आणि विचारा, तुम्हाला आमची काय मदत पाहिजे? पुष्कळ वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसेल.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर पहाटे पळणारी मुलगी दिसली तर तिला हटकू नका. थांबवून पाणी विचारा. नमस्कार.